टिंबाएवढा उजेड

आमच्या गल्लीच्या तोंडाला एक गतिरोधक आहे. मे महिन्यात सलग पंधरा दिवस माझी मोटारसायकल रोज त्या गतिरोधकावर बंद पडत होती. एक्सलेटर पिळून धरला की नीट चालायची. गतिरोधक आला म्हणून हात जरा सैल सोडला की दोन आचके द्यायची आणि गप्प! मग ओढणी कमरेला खोचून भर रस्त्यात किका मारायच्या. कोपऱ्यावरच्या टपरीतली पोरं पहिल्या दिवशी हसली, दुसऱ्या दिवशी मदतीला आली, आणि पुढे तर लांबूनच विचारायला लागली, "काकू, ढकलू का?"

गाडी आमच्या ह्यांची. २०१२ साली घेतलेली, शंभर सीसीची. बारा वर्षं ह्यांनी तिला जिवापाड जपलं. रविवारी सकाळी चहा झाला की हे अंगणात, हातात फडकं आणि शेजारी पान्यांचा डबा. "घरात एवढं लक्ष दिलंत तर!" असं मी किती वेळा म्हटलं असेल, त्याचा हिशोब नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. जीव वाचला, पायात हळूहळू थोडा जोर आला, काठीच्या आधाराने आता अंगणापर्यंत येतात. उजवा हात मात्र अजून मनासारखा हलत नाही. बोलणं जड झालं होतं, तेही बरंच सुधारलं. पण बोलणं सुधारलं तसं ह्यांनी बोलणंच सोडून दिलं. "चहा", "पाणी", "दिवा घालव", एवढंच. आणि गाडी पत्र्याच्या शेडखाली ताडपत्री पांघरून उभी राहिली. एक महिना, दोन महिने, बघता बघता नऊ महिने.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शाळा आमच्या बार्शीपासून चौदा किलोमीटरवरच्या खेड्यात. आधी हेच मला सोडून पुढे कामावर जायचे. ते थांबल्यावर वडाप आलं. वडाप माणसं भरल्याशिवाय हलत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. जाताना एक तास जास्त, येताना दीड तास जास्त. घरी पोचेपर्यंत सात वाजायचे. तोवर शेजारच्या काकी ह्यांच्याजवळ बसायच्या, पण त्यांनी तरी किती दिवस बसायचं? आणि व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरांनी बजावलं होतं, हाताचा व्यायाम रोज झालाच पाहिजे आणि माणूस दमायच्या आत झाला पाहिजे. सात वाजता आम्ही दोघंही दमलेले असायचो. सोपं गणित होतं. गाडी चालू झाली तर रोजचे दोन-अडीच तास परत मिळणार होते.

गाडी चालवायची भीती नव्हती. माहेरी भावाच्या एम-एटीवर गिअर टाकायला शिकले होते, परवानाही गिअरच्या गाडीचा काढलेला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत ताडपत्री काढली.

"काकू, काढून टाका"

पहिल्यांदा गॅरेजवाल्याने बॅटरी बदलली. गाडी चालू झाली, पण स्लोवर थांबेना. दुसऱ्यांदा नेली तर त्याने एक स्क्रू पिळून रेस वाढवून दिली. आता गाडी उभी असली तरी पिठाच्या गिरणीसारखी घुमायला लागली, पेट्रोलही भसाभसा प्यायला लागली, आणि दोन दिवसांनी पुन्हा गतिरोधकावर बंद. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "काकू, कार्बोरेटर गेलाय. नवा टाका, नाहीतर गाडी काढून टाका आता. बारा-तेरा वर्षं झाली की!"

त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्या दारात दहा गाड्या उभ्या होत्या, एकीपुढे किती वेळ बसणार? पण घरी येऊन मी ते वाक्य जसंच्या तसं ह्यांना सांगितलं आणि सांगितल्यावर जीभ चावली. "काढून टाका." हे भिंतीकडे तोंड करून झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात देताना ह्यांनी विचारलं, "चोक ओढला की चालते का?"

मी बघतच राहिले. कित्येक महिन्यांत ह्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न होता. म्हटलं, "हो. चोक ओढला की चालते, सोडला की बंद."

"मग कार्बोरेटर गेला नाही. तुंबलाय."

गाडीलाही सिम असतं

मैत्रिणींनो, त्या दिवशी ह्यांनी तुकड्या-तुकड्याने जे समजावलं, ते मी माझ्या भाषेत सांगते. पंपाचा रॉकेलचा स्टोव्ह आठवतोय? त्याच्या निपलचं भोक केवढं, तर सुईच्या टोकाएवढं. त्यात काजळी बसली की ज्योत भपभप करायची, आणि मग आई पिन मारायची. गॅसचं बटण सिमवर आणलं आणि बर्नर साफ नसला की ज्योत विझते, मोठ्यावर मात्र चालते, तेही आपण पाहिलेलं आहे.

गाडीचं अगदी तसंच. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण करणारं भांडं. त्याच्या तळाशी एक छोटी वाटी असते, तिच्यात थोडं पेट्रोल कायम साठलेलं असतं. तिथून वर जायला पितळेच्या दोन बारीक नळ्या असतात, त्यांना जेट म्हणतात. मोठा तो मेन जेट, एक्सलेटर पिळला की त्यातून पेट्रोल जातं. लहान तो स्लो जेट, कुणी त्याला पायलट जेट म्हणतं. एक्सलेटर सोडलेला असताना, म्हणजे गाडी नुसती उभी घुरघुरत असताना, सगळी भिस्त या लहान जेटवर. त्याचं भोक केसापेक्षा थोडंसंच मोठं असतं.

गाडी महिनोन् महिने उभी राहिली की वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट राळ उरते. गुळाचा पाक पातेल्याच्या तळाशी वाळावा, तशी. मोठ्या भोकाला ती पुरी बंद करू शकत नाही, लहान भोक मात्र बुजतं. म्हणून गाडी पळते, पण थांबत नाही! चोक ओढला की हवा कमी होते, पेट्रोलचं प्रमाण वाढतं, त्यामुळे तेवढ्यापुरती तग धरते. चोक सोडला की पुन्हा उपाशी.

त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आलं. आपल्या भागातल्या साखर कारखान्यांतही ते तयार होतं. २०२२ मध्ये देशात पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट गाठलं गेलं, २०२३ पासून वीस टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. रोजच्या चालत्या गाडीत टाकी संपते, नवं पेट्रोल येतं, काही वाटत नाही. पण उभ्या गाडीत तो ओलावा तळाशी बसतो, आतला धातू खातो आणि जुन्या गाड्यांचे रबरी भागही त्याने खराब होऊ शकतात.

त्यांचं डोकं, माझे हात

"मी सांगतो, तू खोल," हे म्हणाले. मी म्हटलं, "मी?" तर आपल्या उजव्या हाताकडे नुसतं पाहिलं. मग मी काही बोलले नाही. पान्यांचा डबा आणला.

आधी नियम झाले. काम अंगणातच, घरात किंवा बंद शेडमध्ये नाही. जवळ देवघरातली उदबत्तीसुद्धा नको. इंजिन गार हवं. बांगड्या, ओढणी काढून ठेव. आणि निघालेला प्रत्येक स्क्रू निघालेल्या क्रमाने ताटात मांड. माझं डाळ-तांदूळ निवडायचं स्टीलचं ताट त्या दिवशी कामाला आलं.

पेट्रोलचा कॉक बंद केला. कार्बोरेटरच्या वाटीला खाली एक स्क्रू असतो, त्याखाली बाटली धरून तो सैल केला. जे थोडंसं बाहेर आलं त्याला पेट्रोल कोण म्हणेल! गडद, चहाच्या रंगाचं, आणि वास जुन्या वार्निशसारखा. टाकीतलंही सगळं काढायला लावलं ह्यांनी. (ते गटारात ओतू नका बरं का. मी बंद कॅनमधून गॅरेजवाल्याकडे दिलं, त्याला काय करायचं ते ठाऊक असतं.)

मग पेट्रोलची नळी काढली, मागचा क्लॅम्प सैल केला, दोन बोल्ट काढले. वरचं झाकण फिरवून उघडलं आणि केबलला लटकलेला भाग तसाच दोऱ्याने वर बांधून ठेवला. कार्बोरेटर हातात आला. पेरूएवढी वस्तू, आणि तिच्यापायी पंधरा दिवस गल्लीत शोभा!

वाटी उघडली. तळाशी तपकिरी थर, कडेला पांढरट भुकटी. आत पितळेचे दोन्ही जेट दिसत होते. बरोबर बसेल असा स्क्रूड्रायव्हर घे, पितळ मऊ असतं, खाच गेली तर काम वाढेल, असं हे तीनदा म्हणाले. मी जपून दोन्ही काढले.

"उजेडाकडे धर."

मोठा जेट डोळ्यासमोर धरला, पलीकडचं आकाश स्वच्छ दिसलं. लहान धरला. काळोख. काहीच नाही. ह्यांच्याकडे नेऊन दाखवला, तर त्यांनीही एक डोळा मिटून पाहिलं आणि मान हलवली, "बघ!"

मी उत्साहाने शिवणाच्या डब्यातली सुई घेऊन आले. ह्यांनी जवळजवळ ओरडूनच थांबवलं. स्टोव्हला पिन चालते, जेटला सुई चालत नाही. पोलादाच्या सुईने पितळेचं भोक मोठं होतं, मग पेट्रोल कायमचं जास्त जातं. कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे मिळतो, तो मारून जेट वाटीत भिजत ठेवले. (तो स्प्रे डोळ्यांत उडू देऊ नका, माझ्या एका जुन्या चष्म्याने त्या दिवशी माझे डोळे राखले.) रात्रभर भिजल्यावर सकाळी जुन्या वायरमधली तांब्याची एकच बारीक तार काढून अलगद फिरवली. मग सगळं पिशवीत घालून पंक्चरवाल्याकडे गेले. म्हटलं, "दादा, याच्या भोकांतून जरा हवा मार." त्याने माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, आणि काही न विचारता पाच मिनिटं प्रत्येक भोकातून हवा मारून दिली. पैसे घेतले नाहीत.

तिथेच रस्त्यात उभं राहून मी लहान जेट उन्हाकडे धरला. टिंबाएवढा उजेड दिसला! खरं सांगते, दहावीचा निकाल लागला तेव्हा झाला नव्हता एवढा आनंद झाला.

दहा किका आणि एक कॉक

वाटीचं रबर फुगून वेडंवाकडं झालं होतं, ते नवं आणलं. एअर फिल्टर काढून पाहिला, तर त्याच्या खोक्यात उंदराने कापसाचं घर केलेलं. सायलेन्सरच्या तोंडातही ह्यांनी बॅटरी मारून बघायला लावलं. उभ्या गाडीच्या नळकांड्यात कुंभारीण माशी मातीचं घर करते म्हणे. आमच्याकडे नव्हतं. प्लग काढून तारेच्या ब्रशने घासला. सगळं उलट्या क्रमाने बसवलं, ताटात एकही स्क्रू उरला नाही. दोन लिटर ताजं पेट्रोल ओतलं.

चोक ओढून किक मारली. काही नाही. दुसरी, तिसरी, पाचवी, दहावी. घामाने निथळले. मनात आलं, केलं वाट्टोळं! तेवढ्यात दाराच्या चौकटीला टेकून उभे असलेले हे म्हणाले, "कॉक उघडलास का?"

नव्हता उघडला. मी हसायला लागले, आणि मैत्रिणींनो, हेही हसले. तोंडाची उजवी बाजू अजून साथ देत नाही, पण हसले.

अकराव्या... नाही, कॉक उघडल्यावर तिसऱ्या किकेला गाडी लागली. चोक सोडला, तरी चालूच! पाच-सात मिनिटं गरम होऊ दिली. मग शेवटचं काम. कार्बोरेटरला बाहेरून दोन स्क्रू असतात. एक रेसचा, दुसरा हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा. मिश्रणाचा स्क्रू खोलायच्या आधी तो आत किती फेरे जातो हे मी मोजून कागदावर लिहिलं होतं, तेवढाच परत सोडला. आता तो पाव-पाव फेरा फिरवायचा आणि कान द्यायचा. जिथे आवाज सगळ्यात मोकळा आणि सारखा येतो तिथे थांबायचं. मग रेसचा स्क्रू सोडत गाडी हळू करायची. मिनिटाला साधारण चौदाशे फेरे, असं पुस्तकात असतं. आमच्या गाडीला ते मोजायचा काटा नाही, पण ह्यांचा कान होता.

"अजून थोडं कमी... अजून... बास! आता रेस देऊन सोड."

एक्सलेटर पिळला आणि सोडला. गाडी गुरगुरली, खाली आली आणि शांतपणे धकधकत राहिली. बंद पडली नाही. ह्यांनी डोळे मिटून तो आवाज ऐकला, कुणी गाणं ऐकावं तसा.

त्या संध्याकाळी मी तीन वेळा त्या गतिरोधकावरून जाऊन आले. टपरीतली पोरं उठून उभीच राहिली होती, पुन्हा खाली बसली.

हे लक्षात ठेवा

गाडी तुम्ही स्वतः खोला असा माझा आग्रह नाही. पण गॅरेजमध्ये गेल्यावर "काहीतरी बिघडलंय" असं सांगण्याऐवजी लक्षणं सांगता आली, तर पैसे आणि खेपा दोन्ही वाचतात.

• चोकवर चालते, चोक सोडला की बंद पडते : पेट्रोल कमी पडतंय. "स्लो जेट काढून साफ करा" असं सांगा. रेस वाढवून घेणं हा उपाय नाही.

• काळा धूर, पेट्रोलचा वास, प्लग काळा : पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर आणि अडकलेला चोक बघायला सांगा.

• रेस आपोआप चढते-उतरते : कुठून तरी जास्तीची हवा शिरत असेल. कार्बोरेटरच्या रबरी जोडाला चीर आहे का ते बघायला सांगा.

• हळू आणि जोरात, दोन्हीकडे मिसिंग : प्लग, किंवा पेट्रोलमध्ये पाणी.

• १ एप्रिल २०२० नंतर आलेल्या बीएस-६ गाड्यांत बहुतेक ठिकाणी कार्बोरेटर नाही, इंजेक्शन आहे. त्यात घरी हात घालू नका. तिथे बॅटरी चांगली हवी, आणि शिळं पेट्रोल तिलाही सोसत नाही.

• गाडी महिनाभराहून जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करा आणि कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल खालच्या स्क्रूने काढून टाका. टाकी रिकामी न ठेवता भरून ठेवा, म्हणजे आत ओलाव्याला जागा राहत नाही. मेन स्टँडवर उभी करा, बॅटरीची वायर सोडवा.

• त्याहून चांगलं म्हणजे आठ-पंधरा दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं रस्त्यावर फिरवून आणा. अंगणात दोन मिनिटं चालू करून बंद केल्याने फारसा उपयोग होत नाही. आणि बंद खोलीत तर गाडी कधीच चालू ठेवू नका, तो धूर विषारी असतो.

• बाहेर काढायच्या आधी ब्रेक आणि टायरमधली हवा तपासा. विमा आणि पीयूसीची तारीखही बघा. आमचा विमा संपलेला होता, आणि मी तशीच पंधरा दिवस गतिरोधकावर किका मारत होते!

जूनमध्ये शाळा उघडली. आता मी साडेपाचच्या आत घरी असते. हात-पाय धुऊन आधी ह्यांचा व्यायाम, मग चहा. उजव्या हाताची बोटं थोडी वळायला लागली आहेत. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल, पण सोडू नका. आम्ही सोडत नाही.

संध्याकाळी मी गल्लीत वळले की हे दारात उभे असतात, कान देऊन. काल गाडी स्टँडला लावत होते, तर विचारण्याच्या आधीच म्हणाले, "चेन सैल झालीय."

रविवारी तेच काम आहे. ताट धुऊन ठेवलंय.